आज रात्रीपासून वही उघडा
बदलापूरमधील हेंद्रेपाडा आणि परिसरातील रहिवाशांना आवाहन

हेंद्रेपाडा, रमेशवाडी, वालिवली आणि उल्हास नदीकाठच्या सगळ्या वस्त्यांतील रहिवाशांनो, तसेच अंबरनाथ-उल्हासनगरच्या शेजाऱ्यांनो,

थंडी पडायच्या आत आपल्याला एक काम हाती घ्यायचे आहे. त्याला वर्गणी नको, मोर्चा नको, कुणाची परवानगी नको. प्रत्येक घरात एक वही हवी आणि ती रोज लिहिणारे एक माणूस हवे. मी घाईने विनंती करतो आहे, कारण गेलेल्या रात्रीची नोंद मागाहून करता येत नाही. हा हिवाळा तसाच गेला तर आणखी एक वर्ष हातचे जाईल.

थंडीतल्या रात्रींबद्दल तुम्हाला वेगळे सांगायला नको. जवळच माथेरान-मलंगगडाचे डोंगर आणि खालच्या सखल पट्टीत आपली घरे. सूर्य मावळला की जमीन निवते, तिच्या लगतची हवा गार आणि जड होते आणि वरचा उबदार थर तिच्यावर झाकणासारखा बसतो. दिवसा उंच जाऊन विरून जाणारा धूर आणि वायू मग रात्रभर आपल्याच उंचीवर रेंगाळतात. अकरा-बाराच्या सुमाराला सोसायटीच्या ग्रुपवर विचारणा सुरू होते : कुणाला वास येतोय का? डोळे चुरचुरताहेत का? लोक खिडक्या लावतात, कुणी आजोबांना उठवून बसवतात, कुणी लेकराला वाफ देतात. पहाटे निम्मा पाडा लोकल पकडायला फलाटावर उभा असतो. दुपारी कुणी अधिकारी आलाच तर त्याला हवा स्वच्छ लागते. रात्री काय झाले याचा आपल्याकडे कागदावर एक शब्दही नसतो.

मोठ्या घटनांची निदान बातमी होते. २९ नोव्हेंबर २०१४ च्या पहाटे वालधुनी नदीत टँकरमधून रसायन ओतले गेले आणि उल्हासनगरच्या वडोल गावाच्या आसपासचे शेकडो लोक घुसमटून रुग्णालयात पोहोचले. ३ जून २०२१ च्या रात्री बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीतून वायू गळला. तासाभरात गळती आटोक्यात आली, पण तोवर कितीतरी घरांतली माणसे श्वास लागतो, डोळे जळतात म्हणून रस्त्यावर आली होती. १२ सप्टेंबर २०२४ ला अंबरनाथमध्ये धुराचा असा थर पसरला की समोरचे दिसेना. दर वेळी धावपळ झाली आणि दोन-तीन दिवसांत विषय मिटला. माझे म्हणणे असे की, विषय मिटतो तिथेच खरे काम सुरू व्हायला हवे. अशा रात्री घुसमटलेल्या मुलाला दोन वर्षांनी दम लागतो का? तेव्हा पोटुशी असलेल्या बाईच्या बाळाचे वजन किती भरले? नदीतली मासळी आठवड्यातून चार वेळा खाणाऱ्या घरात काही वेगळे दिसते का? या प्रश्नांची उत्तरे शोधणारे एक शास्त्र आहे, साथरोगशास्त्र. नावामुळे ते फक्त पटकी-गोवरापुरते असेल असे वाटते. पण कारखान्यांच्या धुराने, पाण्यातल्या रसायनाने होणारे आजारही तेच शोधून काढते.

डॉक्टर एका रोग्याला तपासतो, साथरोगतज्ज्ञ अख्खी वस्ती तपासतो. त्याचे प्रश्न साधे असतात. कोण आजारी पडले, कुठे, केव्हा, आणि किती जणांमधून? यातला शेवटचा प्रश्न आपण नेहमी विसरतो. एका गल्लीत दहा जणांना दमा आहे, एवढ्यावरून काहीही ठरत नाही. गल्लीत शंभर माणसे राहतात की हजार, हे कळल्याशिवाय दहा हा आकडा मुका आहे. आणि तो कळल्यावरही तुलना लागते : तशाच वयाची, तशाच कामाधंद्याची, पण धुरापासून लांब राहणारी हजार माणसे घेतली तर त्यांच्यात दमेकरी किती? म्हणूनच ज्यांना काहीही त्रास नाही त्यांच्याकडे मी आज अधिक आग्रहाने आलो आहे. फक्त आजारी माणसांनी वह्या भरल्या तर पाहणारा म्हणेल, तुम्ही रोगी तेवढे गोळा केलेत, आणि त्याचे म्हणणे बरोबर असेल. ठणठणीत माणसाची कोरी ओळसुद्धा पुरावा असते.

याचे सगळ्यात जवळचे उदाहरण मुंबईतच आहे. माहुल आणि आंबापाडा या चेंबूरजवळच्या जुन्या कोळी वस्त्या. भोवती तेलशुद्धीकरण कारखाने आणि रसायने साठवण्याच्या टाक्या. वास, खोकला, डोळ्यांची आग याबद्दल तिथले लोक वर्षानुवर्षे ओरडत होते आणि ओरडणे हवेत विरत होते. मग केईएम रुग्णालयाच्या श्वसनविकार विभागाने तिथे घरोघरी पाहणी केली आणि आंबापाड्याचे रहिवासी राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले. २०१३ च्या त्या पाहणीत शंभरातल्या सुमारे ६७ जणांना महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा दम लागत असल्याचे दिसले. डोळ्यांची जळजळ आणि छातीत कोंडल्यासारखे होणे याचे प्रमाण त्याहूनही मोठे, शंभरात ऐंशीच्या वर. १८ डिसेंबर २०१५ ला लवादाने निकाल दिला की, तिथल्या हवेमुळे माहुल आणि आंबापाड्याच्या लोकांच्या आरोग्याला धोका आहे. हवेतल्या रसायनांच्या मोजमापाबरोबर लोकांच्या आजाराची पाहणीही विचारात घेतली गेली. पुढे तानसा जलवाहिनीच्या काठच्या झोपड्यांतून उठवलेल्या कुटुंबांना माहुलला पाठवायचा प्रश्न आला, तेव्हा हाच निकाल त्यांच्या हातात होता, आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लोकांना तिथे जायला भाग पाडू नका असे सांगितले. माहुलचे सगळे प्रश्न सुटले असे मी म्हणत नाही. पण ‘आम्हाला त्रास होतो’ या वाक्याला न्यायालयात जे उभे राहता आले, ते त्या घरोघरच्या पाहणीमुळे.

केईएमकडे ही परंपरा जुनी आहे. १९७० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या डॉ. एस. आर. कामत यांनी लालबाग, चेंबूर आणि खार या तीन भागांतली माणसे आणि त्यांच्या तुलनेसाठी खेड्यातली माणसे घेऊन मुंबईच्या हवेचा अभ्यास केला. गिरण्यांच्या लालबागेत खोकला आणि दम जास्त असणार असे कुणीही बसल्याजागी म्हटले असते. त्यांनी ते मोजले. ठाणे जिल्ह्यातल्या आपल्या पट्ट्याला तशी तुलना हवी आहे.

कारखान्यात काम करणाऱ्या भावांशी वेगळे बोलायचे आहे, कारण असे काही निघाले की पहिली भीती तुमच्या मनात येते. कारखाना बंद पडला तर घर कसे चालायचे? ही भीती रास्त आहे. तिला उत्तर म्हणून फिनलंडची हकिगत सांगतो. आपल्या शहाडला जसे व्हिस्कोज रेयॉन बनते तसे बनवणारा एक कारखाना तिथे होता. या धाग्याला कार्बन डायसल्फाइड लागते. १९६७ च्या सुमारास स्वेन हर्नबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या कारखान्यातले ३४३ कामगार निवडले आणि तुलनेला जवळच्या कागद कारखान्यातले त्याच वयाचे ३४३ कामगार घेतले. पाच वर्षांत रेयॉनच्या गटातले १४ जण हृदयविकाराने गेले, कागदाच्या गटातले ३. आकडे समोर आल्यावर हवेतल्या रसायनाची मर्यादा १९७२ मध्ये निम्मी केली गेली आणि ज्यांच्या हृदयाला आधीच धोका होता त्यांना त्या खात्यातून दुसरीकडे हलवले. पुढच्या वर्षांत दोन्ही गटांतला फरक कमी होत होत मिटला. आपल्या हृदयाला काय होते आहे हे त्यातल्या एकाही कामगाराला एकट्याने कळले नसते. हृदयविकाराचा झटका कुणालाही येतो. ३४३ आणि ३४३ शेजारी ठेवल्यावरच ते दिसले. म्हणून कामगारांनी वहीत आपले खाते, पाळी आणि किती वर्षे काम केले ते लिहावे. घरचे आणि कारखान्याचे वेगळे काढायला ते लागतेच.

एक गोष्ट आधीच मान्य करून पुढे जाऊ. प्रत्येक खोकला रसायनाचा नसतो. आपल्याकडे चारी बाजूंना इमारतींची कामे चालू आहेत, सिमेंटची धूळ आहे, वाहने आहेत, कचरा जाळला जातो, घरात रात्रभर मच्छर अगरबत्ती जळते, काही घरांत अजून चूल पेटते, आणि विडी-तंबाखू तर आहेच. हे सगळे वहीत आले पाहिजे. लपवाल तर पाहणीच निकामी होईल. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया आणि ओहायोच्या सीमेवर एका रसायनाने पिण्याचे पाणी दूषित झाले होते. २००५-०६ मध्ये तिथल्या सुमारे ६९,००० लोकांनी रक्त दिले, प्रश्नावल्या भरल्या. तीन तज्ज्ञांच्या मंडळाने पुढची काही वर्षे पन्नासहून जास्त आजार तपासले आणि २०१२ पर्यंत त्यातल्या सहांशी त्या रसायनाचा संबंध संभवतो असे सांगितले. त्यात मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कर्करोग होता, थायरॉइडचे विकार होते, गरोदरपणातला रक्तदाबही होता. बाकीच्या आजारांबद्दल त्यांनी तसे म्हटले नाही. म्हणूनच त्या सहांबद्दलचे त्यांचे म्हणणे टिकले. आपल्या वहीतून एखाद्या भीतीला आधार नाही असे निघाले तर तेही मला हवे आहे. रात्री उशाशी घेऊन झोपावी लागणारी एक काळजी तरी कमी होईल.

आता वहीत काय लिहायचे. पहिल्या पानावर घरातली माणसे : वय, या घरात किती वर्षे राहतात, दिवसातले किती तास घरी असतात, पाणी नळाचे की बोअरचे, नदीतली मासळी खाता का. घरी असण्याचे तास लिहिणे आपल्या गावाला फार गरजेचे आहे. पहाटे निघून रात्री नऊला परतणारा माणूस इथे फक्त झोपतो. त्याची आई, बायको आणि लहान मूल चोवीस तास हीच हवा घेतात. दोघांचा पत्ता एक, पण फुप्फुसात जाणारी हवा एक नाही. जुन्या पाड्यातली कुटुंबे आणि परवा फ्लॅट घेतलेली कुटुंबे यांतला फरकही याच पानावरून कळेल. नदीचे पाणी २००५ आणि २०१९ च्या जुलैमध्ये ज्यांच्या घरात शिरले, त्यांनी तेही लिहावे.

पुढच्या पानांवर रोजची एक ओळ. वास आला का, कितीपासून कितीपर्यंत, कशासारखा : सडक्या अंड्यासारखा, रंगाच्या थिनरसारखा, ब्लीचिंग पावडरसारखा की आणखी कसा. वारा कुठून होता ते कळायला खिडकीत उदबत्ती धरा आणि धूर स्टेशनकडे वळतो की नदीकडे ते लिहा. कुणाला काय झाले, कोणते औषध घेतले, दवाखान्यात जावे लागले का. काही झाले नसेल तर ‘काही नाही’ असे लिहा, पण ओळ रिकामी सोडू नका. रोजच्या रोज लिहिण्याला कारण आहे. महिन्याने आठवून लिहिताना वाईट रात्र जास्त वाईट आठवते आणि साधी रात्र विसरली जाते. दमेकऱ्यांनी शक्य असेल तर पीक फ्लो मीटर घ्यावे. हे फुंकायचे छोटे यंत्र औषधांच्या दुकानात मिळते. सकाळ-संध्याकाळ फुंकून आकडा लिहा. वास हा भास म्हणून झटकता येतो, घसरलेला आकडा झटकता येत नाही.

इथे सुरक्षिततेचे एक सांगून ठेवतो, कारण ते ठाऊक नसल्याने जीव जातो. सडक्या अंड्यासारखा वास असणारा हायड्रोजन सल्फाइड वायू फार वाढला की नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे वायू गेला असे समजू नका. तो हवेपेक्षा जड आहे, खोलगट जागी साठतो. अशा वेळी नाल्याकडे, तळघराकडे पाहायला जाऊ नका, दारे-खिडक्या लावून वरच्या मजल्यावर जा. उघड्यावर असाल तर वाऱ्याला आडवे होऊन बाजूला निघा आणि ११२ वर कळवा. वही त्यानंतर.

परिसरातल्या डॉक्टरांना हात जोडून विनंती. तुमच्या दवाखान्यात रोज किती जण दम, खोकला, डोळ्यांची जळजळ आणि मळमळ घेऊन आले, एवढा आकडा आणि त्यांचा विभाग वेगळ्या कागदावर टिपा. नावे नकोत. औषधविक्रेत्यांनी इनहेलर, नेब्युलायझरची औषधे आणि डोळ्यांचे थेंब रोज किती विकले गेले ते लिहावे. शिक्षकांनी वर्गातली गैरहजेरी तारखेवार ठेवलेली असतेच, तिची बेरीज द्यावी. आशाताई आणि अंगणवाडीताईंच्या रजिस्टरमध्ये नवजात बाळांची वजने आहेत. त्या आकड्यांची किंमत मोठी आहे, त्यांना उंदीर-वाळवी लागू देऊ नका. वाईट रात्रीनंतर तीन-चार वेगवेगळ्या वह्यांत एकाच तारखेला आकडा उसळला, तर त्याला योगायोग म्हणणे कुणालाही जड जाईल.

जुने कागद जपा म्हणण्यामागे जपानची एक हकिगत माझ्या मनात आहे. मिनामाता या गावात कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा मासळीतून माणसांत गेला. १ मे १९५६ ला या आजाराची पहिली अधिकृत नोंद झाली, आणि कारण मान्य करायला सरकारला १९६८ उजाडले. ज्यांची मुले आईच्या पोटातच बाधित झाली, त्यांच्या जन्मावेळी कुणीही पारा मोजला नव्हता. पण तिथल्या घरांत बाळाची वाळलेली नाळ लाकडी डबीत जपून ठेवण्याची रीत होती. डॉ. मासाझुमी हारादा यांनी त्या डब्या मिळवल्या, नाळेतला पारा मोजला, आणि कोणत्या वर्षी जन्मलेल्या मुलांच्या वाट्याला किती विष आले ते दिसले. आपल्याकडे नाळ जपत नाहीत, पण केसपेपर, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, प्रसूतीचे कागद आहेत. २०१४ च्या त्या पहाटेचे किंवा २०२१ च्या रात्रीचे काही घरात असेल तर लॅमिनेशन करून ठेवा. भंगारवाल्याकडे जाऊ देऊ नका.

काही जण खासगीत विचारतील ते इथेच बोलून टाकतो. मुलीचे लग्न ठरायचे आहे, आजाराची नोंद कशाला? फ्लॅट विकायचा आहे, भाव पडेल. म्हणून नियम एकच ठेवू : वही घरातच राहील. गोळा होतील त्या फक्त बेरजा, त्याही घरक्रमांकाऐवजी गुप्त क्रमांकाने. वहीचे पान कुणीही व्हॉट्सअॅपवर टाकायचे नाही, कितीही राग आला तरी. आणि आकडे हाती येण्याआधी कुठल्याही कारखान्याचे नाव घेऊन बोट दाखवायचे नाही. त्याने आपलीच पाहणी पक्षपाती ठरेल.

आपल्या वह्यांनी सगळे सिद्ध होणार नाही. त्या दार उघडण्यापुरत्या आहेत. खरी पाहणी शास्त्रशुद्ध नमुना निवडून, फुप्फुसांची तपासणी करून, रक्त-लघवीचे नमुने घेऊन वैद्यकीय महाविद्यालयाच्या रोगप्रतिबंधक विभागाने किंवा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) संस्थेने करावी लागेल. भोपाळच्या २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीनंतर आयसीएमआरने ८०,००० हून अधिक लोकांची नोंद करून १९९४ पर्यंत त्यांचा मागोवा घेतला. आजही वायुबाधितांबद्दल बोलताना त्याच नोंदीकडे जावे लागते. म्हणून नगरपालिका, जिल्हा आरोग्य विभाग आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आपली मागणी लेखी जाईल. रात्रीच्या वेळी हवेतल्या सेंद्रिय वायूंचे मोजमाप करा आणि आकडे रोज जाहीर करा. बदलापूरचे ग्रामीण रुग्णालय, अंबरनाथचे छाया आणि उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय यांतल्या श्वसनाच्या रोग्यांची विभागवार नोंद ठेवा. आणि वायू गळल्यावर पहिल्या चोवीस तासांत बाधितांची यादी करून ती निदान दहा वर्षे सांभाळा. २०११ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर मिळून सव्वानऊ लाखांहून जास्त माणसे होती. आज ती किती वाढली आहेत ते तुम्ही रोज लोकलच्या दारात पाहता. एवढ्या माणसांसाठी ही मागणी मोठी नाही.

सोसायटीच्या चिटणीसांनी आणि चाळीतल्या पुढाकार घेणाऱ्या मंडळींनी येत्या रविवारी आपापल्या इमारतीत, गल्लीत पहिली पाने भरून घ्यावीत, आजारी नसलेल्या घरांपासून सुरुवात करून. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची ओळ शेजारच्या आठवी-नववीतल्या मुलामुलींनी रोज संध्याकाळी विचारून लिहावी. भाडेकरूंना वगळू नका, वॉचमनच्या कुटुंबाला आणि बांधकामावर राहणाऱ्या मजुरांना तर मुळीच नाही. सगळ्यात जास्त रात्री तीच माणसे उघड्यावर काढतात. पंधरा दिवसांनी प्रत्येक गल्लीची एक बेरीज तयार ठेवा : किती घरे, किती माणसे, किती रात्री वास, किती जणांना त्रास, आणि किती जणांना काहीच नाही.